घरच्या वर्कशॉपमध्ये सरफेस ग्राइंडर घ्यावा का?

वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून वालीव, सातिवलीकडे निघालं की गाळ्यांच्या रांगा सुरू होतात. डाय, मोल्ड, फिक्श्चरची कामं इथं रोजची. इथं हात तयार झालेला कारागीर पुढे पश्चिमेला, गिरीज किंवा आगाशीच्या घरी, पडवीत स्वतःचा लेथ बसवतो. मग ड्रिल, मग छोटं मिलिंग. त्यानंतर मन ओढ घेतं ते सरफेस ग्राइंडरकडे.

ही ओढ उगाच नाही. डी-२ पोलादाचा पंच हार्डनिंग होऊन आला की त्याची कठीणता ६० रॉकवेलच्या घरात जाते आणि भट्टीत तो थोडा वाकतोही. मिलिंगचं साधं कटर त्यावर चालत नाही. मॅग्नेटिक चकवर तो धरायचा आणि फिरत्या व्हीलखालून टेबल मागेपुढे न्यायचं. एका पासात पाच-दहा मायक्रॉन निघतात, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग किंवा त्याहूनही कमी. शेवटी फीड न देता नुसते पास मारायचे, ठिणग्या थांबेपर्यंत. असा सपाट, चकचकीत पृष्ठभाग दुसरं कुठलंही घरगुती यंत्र देत नाही.

पण जागा हवी. १८ बाय ६ इंची हाती ग्राइंडरसुद्धा शेकडो किलोंचा असतो, त्याला पक्का कोबा लागतो. मोटर बहुधा थ्री-फेज, आणि घरात सिंगल-फेज. व्हीएफडी लावून तो प्रश्न सुटतो. धुळीचा सुटत नाही. व्हीलची भुकटी शेजारच्या लेथच्या बेडवर बसली की तो झिजलाच समजा. २०० मिमीचं व्हील मिनिटाला २८०० फेरे घेतं, म्हणजे त्याची कड सेकंदाला सुमारे २९ मीटर धावते. तडा गेलेलं व्हील त्या वेगात फुटतं. म्हणून बसवण्याआधी ते हलकेच ठोकून आवाज ऐकायचाच आणि गार्ड कधीही काढायचा नाही.

त्यात वसईची हवा. समुद्राचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस उघड्या चकवर बघता बघता गंज चढवतो. २०१८च्या जुलैत वसई-नालासोपाऱ्यात पाणी भरलं होतं, ते आठवून यंत्र उंच चौथऱ्यावरच बसवावं.

जुना प्रागा किंवा एचएमटी मिळत असेल तर रंगावर जाऊ नये. मधल्या भागात स्लाइड झिजली आहे का पाहावं, स्पिंडल हाताने हलवून प्ले तपासावा. चक जागेवरच ग्राइंड करून त्यावर एक प्लेट काढून घ्यावी आणि मायक्रोमीटरने तिचे चारही कोपरे मोजावेत. जाडीत एक-दोन शतांश मिलिमीटरचा फरक आला, तर ते यंत्र स्वस्तातही महाग पडेल.

महिन्याकाठी दोन-चार प्लेटी घासायच्या असतील तर त्या पूर्वेच्या गाळ्यात जॉबवर्कला द्याव्यात. तिथं हे काम रोज करणारे हात आहेत. हार्डन केलेलं काम दर आठवड्याला येत असेल, वेगळी बंदिस्त खोली असेल आणि पाणी न शिरणारी जमीन असेल, तरच ग्राइंडर घ्यावा. अशा घरात तो जरूर घ्यावा.