पानात मीठ सगळ्यात आधी का वाढायचे? पंगतीच्या शिस्तीमागचं गणित आणि तिची सहसा न सांगितली जाणारी बाजू

लग्नाच्या हॉलमध्ये बुफेची रांग लांबते, हातातली प्लेट तिरकी होते, पनीरचा रस्सा गुलाबजामात शिरतो आणि कुणीतरी ज्येष्ठ हमखास म्हणतं, "पंगतीची सर याला नाही." मग आठवणी निघतात. बसायला पाट, पानाभोवती रांगोळी, उदबत्तीचा वास, जिलेबीचा आग्रह. ऐकायला छान वाटतं. पण डावीकडे काय वाढायचं, उजवीकडे काय, आधी कोण बसणार आणि शेवटी कोण, हे सगळं इतकं काटेकोर का होतं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही.

सुरुवात पानापासून. केळीचं पान मांडताना त्याचं निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला ठेवतात आणि रुंद बाजू उजव्या हाताला. जेवायचं उजव्या हाताने, त्यामुळे जागाही तिकडेच जास्त लागते. वर मध्यभागी मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाज्या, आमटी, गोड पदार्थ. समोर, अगदी हाताशी, भाताची मूद आणि तिच्यावर वरण-तूप. थोडक्यात, जे बोटभर चाखायचं ते डावीकडे आणि जे कालवून पोटभर खायचं ते उजवीकडे. पापड आणि खीर कुठे, यावर मात्र घराघरांत वेगळी मतं आहेत आणि त्यावरून सासू-सुनांचे वादही झालेले आहेत.

मीठ पहिलं का, यावर व्हॉट्सअॅपवर पाचक रसांपासून ग्रहांपर्यंत अनेक कारणं फिरतात. ती बाजूला ठेवली तरी व्यवहारातला उपयोग सहज दिसतो. पंगतीचा स्वयंपाक एका चवीचा आणि जेवणारे पन्नास जिभांचे. प्रत्येकाच्या पानात आधीच चिमूटभर मीठ असलं की ज्याला कमी वाटेल तो आपलं आपण घेतो, मधेच वाढप्याला हाक मारावी लागत नाही. शेजाऱ्याकडून मागायची सोय नव्हतीच. दोघांचे हात खरकटे, आणि मीठ हातावर दिलं की भांडण होतं ही समजूत वेगळी. शिवाय मिठाची जागा ठरली की बाकीच्या पदार्थांच्या जागा तिच्यावरून आपोआप ठरतात.

वाढप्याच्या दृष्टीने पाहिलं की हा नकाशा किती कामाचा होता ते लक्षात येतं. शंभर माणसं एका वेळी बसलेली, वाढायला पाच-सात जण. प्रत्येकाच्या हातात एकच भांडं. एकाकडे चटणी-कोशिंबिरीचा चौफुला, दुसऱ्याकडे भाताची परात, तिसऱ्याकडे आमटीची बादली, चौथ्याकडे तुपाची तामली. प्रत्येक पानात प्रत्येक पदार्थाची जागा तीच, म्हणून "कुठे वाढू?" असं विचारावं लागत नाही. वाढपी वाकतो, वाढतो, पुढे सरकतो. त्यातही एक नियम पक्का. डाव किंवा पळी पानाला टेकता कामा नये. टेकली की ती खरकटी, आणि तीच परत बादलीत गेली तर अख्खी बादली खरकटी. एका भांड्यातून शंभर जणांना वाढायचं असेल, तर स्वच्छतेच्या दृष्टीने हा नियम आजही शहाणपणाचाच आहे.

पळसाच्या पानांना काड्या टोचून केलेल्या पत्रावळीवर आणखी एक अडचण असायची. पातळ पदार्थ पळून जायचा. त्यावर उपाय म्हणजे द्रोण, आणि द्रोण कलंडला तर भाताला केलेलं आळं. भाताच्या ढिगात मधोमध खड्डा करून त्यात आमटी धरायची, आणि बांध फुटायच्या आत कालवायची. ही कला ज्याला जमत नसे त्याच्या धोतरावर पुरावा राहायचा.

सगळी पानं वाढून होईपर्यंत कुणी घास उचलायचा नाही. श्लोक होणार, "हर हर महादेव" होणार, यजमान हात जोडून "सावकाश होऊ द्या" म्हणणार, मग सुरुवात. आधी वरण-भात, मग पोळी किंवा पुरी, मग मसालेभात-मठ्ठा, गोडाच्या फेऱ्या आणि शेवटी ताकभात किंवा दहीभात. उठायचंही सगळ्यांनी बरोबर. एकाने मधेच उठणं म्हणजे शेजाऱ्याचा आणि यजमानाचाही अपमान. आग्रहाचा जन्मही याच रचनेतला. स्वतः उठून घ्यायची सोय नाही आणि मागायची लाज, त्यामुळे यजमानाने विचारत राहायचं आणि पाहुण्याने दोनदा "नको" म्हणून तिसऱ्यांदा घ्यायचं. खरंच नको असेल तर दोन्ही हात पानावर आडवे धरायचे. तरीही बोटांच्या फटीतून जिलेबी पडायचीच!

आता दुसरी बाजू. ती शोधायला लांब जावं लागत नाही, मराठी भाषेतच आहे. "वाढपी ओळखीचा असला की कुठेही बसलं तरी चालतं" असं आपण सहज म्हणतो. एकाच पंगतीत एकाला तुपाची धार आणि दुसऱ्याला थेंब, यासाठी तर "पंक्तिप्रपंच" असा स्वतंत्र शब्दच आहे. पुढे तो कुठल्याही भेदभावासाठी वापरला जाऊ लागला. ज्या भाषेला यासाठी वेगळा शब्द लागला, तिथे हा प्रकार किती नेहमीचा असेल याचा अंदाज बांधता येतो.

आणि हा भेद तुपापुरता नव्हता. पंगतीला कोण बसणार हे जातीवर ठरायचं. कुणाची पंगत ओसरीवर, कुणाची अंगणात, तर कुणाला वाड्याबाहेर दुरून वाढलेलं अन्न. शंभर माणसांना एका शिस्तीत जेवू घालणारी व्यवस्था, त्याच शिस्तीने, कोण आपल्यातला आणि कोण नाही हेही रोज ठरवत होती. स्त्रियांचं पान शेवटचं. घरातले पुरुष, पाहुणे, मुलं जेवली की उरलंसुरलं बायकांना, आणि कित्येक घरांत बायकोने नवऱ्याच्याच उष्ट्या पानात जेवायची रीत होती. लग्नातली विहिणीची पंगत थाटाची असे खरी, पण तो एका दिवसाचा मान.

म्हणूनच महाराष्ट्रातल्या समाजसुधारणेच्या कितीतरी लढाया व्यासपीठाइतक्याच ताटावर झाल्या. १८४९मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सोबत्यांनी परमहंस सभा काढली. जातिभेद मानत नाही हे सिद्ध करायला सभासद ख्रिश्चनाने भाजलेला पाव खात. पण हे सगळं गुपचूप. १८६०च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, नावं उघड होण्याच्या भीतीने गाळण उडाली आणि सभाच मोडली. पावाच्या एका तुकड्याची भीती एवढी मोठी होती.

१८९०मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये कार्यक्रम झाला. आलेल्यांना चहा-बिस्किटं दिली गेली. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही. पुढे गोपाळराव जोशी यांनी ही नावं 'पुणे वैभव' पत्रात छापवून आणली आणि शहरभर गदारोळ उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली आणि अखेर रानडे आणि टिळक दोघांनीही प्रायश्चित्त घेतलं. कपभर चहासाठी!

कोल्हापुरात शाहू महाराजांनी हाच चहा उलटा वापरला. दलित समाजातल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी हॉटेल काढायला मदत केली. पण दलिताच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले. सोबतच्या मंडळींनाही प्यावा लागे. नंतरच्या काळात समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजनं घडवून आणली. पदार्थही मुद्दाम असा, की जो गरिबातल्या गरिबाच्या घरी शिजतो.

पण एकत्र जेवल्याने जात जाते का? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६च्या 'जातिभेद निर्मूलन' या गाजलेल्या भाषणात यावर स्पष्ट मत मांडलं. सहभोजनांनी जातीची भावना मेलेली नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह, असं ते म्हणाले. छापील प्रत आधी वाचून आयोजकांनी तो कार्यक्रमच रद्द केला, त्यामुळे हे भाषण कधी झालंच नाही. बाबासाहेबांनी ते पुस्तक म्हणून छापलं.

पंगत मागे पडली ती मात्र या वादांमुळे नाही. शहरात वाडे गेले, अंगणं गेली, गुडघे कुरकुरायला लागले. आधी पाटाच्या जागी टेबल-खुर्ची आली, मग घरचे वाढपी जाऊन केटररची माणसं आली आणि नंतर बुफे. त्यात आग्रह गेला, पानाचा नकाशा गेला, सगळ्यांनी एकदम उठणं गेलं. एक गोष्ट मात्र बुफेच्या बाजूने मांडायला हवी. तिथे तुमच्या शेजारी प्लेट घेऊन कोण उभं आहे हे कुणी ठरवत नाही, आणि घरच्या बायकांना सगळ्यांची जेवणं उरकेपर्यंत उपाशी थांबावं लागत नाही.

गावांत पंगत अजून आहे. हरिनाम सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, जत्रेत, भंडाऱ्याला माणसं जमिनीवर रांगेने बसतात आणि गावातली तरुण पोरं बादल्या घेऊन धावतात. काही ठिकाणी "चूलबंद" आवतण असतं, म्हणजे त्या दिवशी घरी चूल पेटवायचीच नाही, सगळ्यांनी यायचं. २०१८मध्ये राज्यात थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली, तेव्हा पत्रावळीची पुन्हा आठवण झाली. आता ती बहुतेक वेळा यंत्रावर दाबून केलेली, कडा उचललेली मिळते. आमटी पळत नाही, आळ्याची गरज उरलेली नाही. वाटपात पहिल्यांदा पडते ती चिमूट मात्र बऱ्याच ठिकाणी अजून मिठाचीच असते.