एका कंठांतून बावन्न माणसें

विद्यार्थिमित्रहो, नाटक म्हटलें कीं रंगविलेले पडदे, झगझगीत पोषाख व नटांचा मोठा ताफा आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. यांपैकीं कांहींएक नसतां केवळ एका नटानें सुमारें तीन तास प्रेक्षकांस खिळवून ठेवावें, ही गोष्ट अशक्यप्राय वाटते. परंतु आपल्याच शहरांतील एका प्राध्यापकांनीं ती अनेक वर्षें करून दाखविली. त्यांचें नांव डॉ. लक्ष्मण देशपांडे (१९४३–२००९).

येथील मराठवाडा विद्यापीठांत ते नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख होते. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा त्यांचा एकपात्री प्रयोग. मराठवाड्यांतील एका खेड्यांतले साधेभोळे लोक लग्नासाठीं विमानांतून थेट विलायतेस निघतात, एवढेंच काय तें कथानक. परंतु त्यांतील स्त्रीपुरुष, म्हातारे व पोरें, अशा बावन्न व्यक्ति ते एकटे वठवीत. गिनीज विक्रमग्रंथांतही या प्रयोगाची नोंद झाली आहे.

ही कला आपल्या मातींत नवी नव्हे. सोळाव्या शतकांत पैठणच्या एकनाथमहाराजांनीं आपल्या भारुडांतून वासुदेव, जोशी, आंधळा अशा नाना लोकांच्या मुखानें उपदेश केला. अलीकडे पु. ल. देशपांडे यांनीं १९६१ सालीं ‘बटाट्याची चाळ’ एकट्यानें रंगभूमीवर आणली. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेंत मेल ब्लँक (१९०८–१९८९) या विनोदी नटानें बग्ज बनी हा ससा, डॅफी हें बदक आणि अशा कितीएक व्यंगचित्रपटांतील प्राण्यांना आपला आवाज दिला. मात्र ब्लँक पडद्याआड असे. प्रेक्षकांना दिसे तो ससा. एकपात्री नटाला ही सोय नाहीं. त्याचें तोंड एकच, आणि तें सर्वांच्या समोर!

मग हें साधतें कसें? आवाजाची उंची, बोलण्याचा वेग व श्वासाची लांबी, हीं पहिलीं साधनें. कमरेंत किंचित् वांकलें कीं आजोबा उभे राहतात. मान वर करून पाहिलें कीं लहान मूल बोलूं लागतें. नजरेची दिशाही ठराविक ठेवावी लागते. ती चुकली तर कोण कोणाशीं बोलत आहे, हेंच प्रेक्षकांस कळेनासें होतें. परंतु या सर्वांच्या मुळाशीं असतें तें निरीक्षण. ज्यानें माणसें मन लावून ऐकलीं नाहींत, त्याला तीं बोलतां येणार नाहींत.

आणि येथेंच आपणांस कांहीं शिकण्यासारखें आहे. घरीं ‘कामून’ म्हणणारा मुलगा शाळेंत ‘कां’ म्हणूं लागतो, इंग्रजीही शिकतो. हें योग्यच होय. परंतु पुढें तो आजीच्या ‘कामून’ला हंसूं लागला, पाहुण्यांसमोर तिनें बोलूं नये असें त्याला वाटूं लागलें, तर त्या विद्येंत कांहीं उणें राहिलें असें समजावें. विद्यापीठांत शिकविणाऱ्या विद्वानानें हीच बोली अभिमानानें रंगभूमीवर नेली. लोक पोट धरून हंसले. पण त्या हंसण्यांत तुच्छता नव्हती, आपलीं माणसें भेटल्याचा आनंद होता.

डॉ. देशपांडे यांच्या पश्चात् मराठवाड्याचेच नट संदीप पाठक यांनीं तें वऱ्हाड पुन्हां रंगभूमीवर आणलें. मित्रहो, आज सायंकाळीं घरीं गेल्यावर आजी बोलूं लागली, तर घटकाभर शांतपणें ऐका. बावन्न माणसांची सुरुवात एका माणसाला नीट ऐकण्यापासूनच होते.