बाळातला ‘ळ’

आमच्या गावाचं नाव एकदा मोठ्यानं म्हणून बघा. म्हाळुंगे. आता पुन्हा म्हणा, पण सावकाश, आणि जिभेकडे लक्ष ठेवा. ‘ळ’ आला की जिभेचं टोक मागे वळतं, टाळूला टेकतं आणि परत येता येता सपकन खाली आपटतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं होऊन जातं. हे तुम्ही कधी शिकलात? कुणी शिकवलं? आठवत नाही ना? मलाही आठवत नाही.

हा प्रश्न मला पडला सोसायटीच्या बागेत. मुळशी तालुक्यातलं हे गाव २०२१ साली पुणे महापालिकेत आलं. एका अंगाला मुळा नदी आणि तिच्यापलीकडे हिंजवडी, दुसऱ्या अंगाला १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेली क्रीडानगरी. मधल्या शेतांच्या जागी आता उंच उंच इमारती. संध्याकाळी बाबागाड्या खाली उतरल्या की बाकांवर निम्मा भारत बोलायला लागतो. विजयवाड्याच्या अम्मम्मांना ‘म्हाळुंगे’ पहिल्याच दिवशी जमलं, कारण तेलुगूत ‘ळ’ आहे. कानपूरच्या दादीजी मात्र ‘महालुंगे’ म्हणायच्या. मी एकदा त्यांना तोडून तोडून म्हणून दाखवलं. त्यांनी मन लावून ऐकलं, आणि पुन्हा ‘महालुंगे’च म्हणाल्या. “मी तेच तर म्हणतेय,” त्यांनी अगदी खरेपणानं सांगितलं.

त्या वेळी माझ्या मांडीवर अकरा महिन्यांची नात होती. बोलण्याच्या नावानं शून्य. एकही शब्द नाही. आणि तरीही त्या बोलू न शकणाऱ्या जिवानं तोवर केवढं काम उरकलं होतं, हे पुढे वाचत गेले तेव्हा मी थक्क झाले.

सुरुवात होते जन्माच्याही आधी. पोटातल्या बाळाला शेवटच्या दोन-तीन महिन्यांत ऐकू येत असतं. शेजारच्या खोलीतलं बोलणं भिंतीतून ऐकून बघा. शब्द कळत नाहीत, पण कोण बोलतंय, रागानं की लाडानं, ते कळतं. पोटात तसंच ऐकू येतं: व्यंजनं पुसट, चाल मात्र शाबूत. १९८० साली अमेरिकेत अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी तान्ह्या बाळांच्या तोंडात एक चोखणी दिली आणि ती ध्वनिफितीला जोडली. एका लयीत चोखलं तर आईचा आवाज, दुसऱ्या लयीत चोखलं तर परक्या बाईचा. बाळांचं वय तीन दिवसांपेक्षाही कमी. त्यांनी काय केलं असेल? आईचा आवाज मिळावा म्हणून चोखण्याची लय बदलली! ज्याला मान सावरता येत नाही, त्यानं यंत्र चालवायला शिकून आईला बोलावून घेतलं.

एवढंच नाही. २००९ साली तीस फ्रेंच आणि तीस जर्मन नवजात बाळांचं रडणं ध्वनिमुद्रित करून तपासलं गेलं. फ्रेंच बाळांच्या रडण्याची चाल वर चढत जाणारी, जर्मन बाळांची वरून खाली उतरणारी, त्या त्या भाषेच्या वाक्यांसारखीच. म्हणजे बाळ रडतं तेही मातृभाषेत! आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि ‘कुर्रर्र’ करते. आपल्याला वाटतं, भाषेचा श्रीगणेशा आत्ता झाला. बाळ तर तोवर मराठीची चाल आठवणीत घेऊन पाळण्यात पडलेलं असतं. कानात सांगितलेलं नाव आपलं आहे, हे ओळखायला मात्र त्याला साधारण साडेचार महिने लागतात.

आता मला सगळ्यात जास्त भारावून टाकणारी गोष्ट सांगते. तिचा संबंध थेट आपल्या ‘ट’ आणि ‘त’शी आहे.

इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला ‘टाट’ आणि ‘तात’ यांतला फरक सांगून बघा. त्याला दोन्ही सारखेच वाटतात. त्याचा कान काही बिघडलेला नाही. त्याच्या भाषेला या फरकाची गरज नाही, म्हणून मेंदूनं तो टाकून दिलेला आहे. पण कधी टाकला? मोठेपणी? शाळेत? जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या दोन संशोधकांनी १९८४ साली याचं उत्तर छापलं. त्यांनी इंग्रजी घरांतली तान्ही मुलं घेतली आणि त्यांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. बाळ आईच्या मांडीवर. कर्ण्यातून एकच आवाज येत राहतो: त, त, त, त. मध्येच तो बदलतो: ट! बदल ओळखून बाळानं मान वळवली की बक्षीस म्हणून शेजारच्या पेटीत दिवा लागतो आणि खेळण्यातला प्राणी हलायला लागतो. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक कॅनेडियन बाळांनी झटकन मान वळवली. त्यांच्या आईबाबांना जो फरक ऐकूच येत नव्हता, तो या बाळांना ऐकू येत होता! हिंदीचा एक शब्दही न ऐकलेली ती बाळं.

मग त्यांनी आठ ते दहा महिन्यांची मुलं बघितली. ओळखणारी कमी झाली. दहा ते बारा महिन्यांची बघितली. जवळजवळ कुणालाच ओळखता येईना. हिंदी घरांतल्या त्याच वयाच्या बाळांना मात्र फरक स्वच्छ कळत होता.

याचा अर्थ काय होतो, जरा थांबून बघा. अर्ध्या वर्षाचं मूल जगातल्या कुठल्याही भाषेचं नागरिक असतं. जपानी, तमिळ, अरबी, कुठेही ठेवा, कानाची तयारी असते. पुढच्या सहा महिन्यांत ते धान्य पाखडावं तसं आवाज पाखडतं. घरात लागणारे सुपात राहतात, न लागणारे उडून जातात. आणि पहिल्या वाढदिवसाचं औक्षण होईतो पाखडणं बरंचसं उरकलेलं असतं. आपण केक आणायच्या आणि फुगे लावायच्या गडबडीत असतो, आणि ज्याचा वाढदिवस त्यानं ‘आपण कुठले’ हे कानानं ठरवून टाकलेलं असतं. कानपूरच्या दादीजींच्या कानानं ‘ळ’ असाच केव्हातरी पाखडला असणार. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरोखरच ‘ल’ ऐकू येत होता.

पाखडलेल्या आवाजांतून शब्द कसे मिळतात? लिहिताना आपण दोन शब्दांत जागा सोडतो, बोलताना सोडत नाही. ‘बाळाचीआंघोळझालीका’ हे एका दमात येतं. परक्या भाषेतली बातमी ऐका, म्हणजे कळेल बाळाची अडचण. मग बाळ काय करतं? हिशेब करतं! ‘बा’नंतर ‘ळा’ येण्याची शक्यता फार. पण ‘बाळा’नंतर ‘ला’ येईल, ‘चा’ येईल, ‘नं’ येईल, काहीही येईल. जिथे पुढचं अक्षर सांगता येत नाही, तिथे शब्दाची हद्द. १९९६ साली जेनी सॅफ्रन आणि तिच्या सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या मुलांना बनावट शब्दांची सलग, बिनविरामाची माळ ऐकवली. फक्त दोन मिनिटं. तेवढ्यात मुलांनी त्यातले ‘शब्द’ वेगळे काढले. आपण म्हणतो, नुसतं खेळतंय. ते संख्याशास्त्र करत असतं.

कान इतका पुढे आणि तोंड? ते बिचारं मागे असतं. तान्ह्याचा स्वरयंत्राचा भाग गळ्यात उंच बसलेला आणि जिभेनं सारं तोंड भरलेलं. दूध पिण्यासाठी झकास, बोलण्यासाठी अडचणीचं. उष्टावणाच्या सुमारास मात्र एके दिवशी ‘बाबाबाबा’ सुरू होतं. ओठ मिटले, उघडले, की झालं. प, ब, म आधी येतात, कारण त्यांना जिभेची कसरत लागत नाही. न ऐकू येणाऱ्या मुलांत हे बडबडणं उशिरा येतं, म्हणून दहा-अकरा महिन्यांनंतरही ते सुरू झालं नसेल तर कान तपासून घ्यावेत. पण ज्या घरांत आईबाबा खुणांच्या भाषेत बोलतात, तिथली अशी बाळं काय करतात ठाऊक आहे? हातांनी बडबडतात! तीच लय, तेच पुन्हा पुन्हा, फक्त बोटांत.

आणि इथे आपण मोठी माणसं एक गंमत करतो. बाळाच्या तोंडून निघालेल्या त्या निरर्थक आवाजांवर आपण झडप घालतो आणि त्यांना अर्थ वाटून टाकतो. ‘बाबा’ म्हटलं की बाबा हरखतात. ‘मामा’ आपल्याकडे आईचा भाऊ. जगात कितीतरी ठिकाणी ती आई, आणि जॉर्जियन भाषेत चक्क बाप. ‘पापा’ बऱ्याच भाषांत वडील, मराठीत गालावरचा मुका. ‘मम्मम’ म्हणजे आपल्याकडे जेवण. आणि खुद्द आईसाठी आपण शब्द निवडला तो बिनव्यंजनाचा, ज्यात ओठ टेकायलाही नकोत: आई.

चिऊ, काऊ, माऊ, भूभू, हम्मा, बाऊ, भूर, गाई गाई. हे शब्द कुणाचे? बाळांचे वाटतात, पण बाळांनी केलेले नाहीत. ते पिढ्यान्‌पिढ्या मोठ्यांनी मोठ्यांना दिलेले आहेत. या शब्दांकडे गंभीरपणे बघण्याचं मोठं काम पुण्यातच झालं. डेक्कन कॉलेजात दीर्घकाळ भाषाविज्ञान शिकवणारे अशोक केळकर यांनी १९६४ साली मराठीच्या या बाळबोलीवर ‘वर्ड’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात लेख लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकी भाषावैज्ञानिकानं सहा भाषांची बाळबोली शेजारी शेजारी ठेवली: अरबी, कोमांची, गिल्याक, इंग्रजी, स्पॅनिश आणि आपली मराठी. कोमांची म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची, गिल्याक म्हणजे रशियाच्या पार पूर्व टोकाची. यांतल्या कितीतरी भाषांनी एकमेकींचं तोंडही पाहिलेलं नाही! तरी सगळीकडे साचा तोच. छोटे शब्द, सोपी व्यंजनं, तेच अक्षर दोनदा, आणि विषयही तेच: खाणं, झोपणं, दुखणं, जनावरं, नातलग. सैबेरियाच्या पलीकडची आजी आणि म्हाळुंग्याची आजी बाळासमोर बसल्या की एकाच शाळेतल्या वाटाव्यात.

मला कुणी विचारतं, मग मोबाइलवर गाणी लावून दिली तर शिकणार नाही का? हाही प्रयोग झालेला आहे. २००३ साली पॅट्रिशिया कूल यांनी अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या मुलांना चिनी भाषा ऐकवली, बारा बैठकांत. ज्यांच्यासमोर चिनी बोलणारी माणसं खाली बसून खेळली, पुस्तक दाखवलं, ती मुलं चिनी आवाज ओळखायला लागली. ज्यांना तीच माणसं पडद्यावर दाखवली, त्यांच्या हाती काहीच लागलं नाही. समोर डोळे हवेत, आपल्या हुंकाराला होकार देणारं माणूस हवं. म्हणून तर दूर गेलेल्या मावशीचा व्हिडिओ कॉल वेगळा. ती उत्तर देते! दोन-अडीच वर्षांची मुलं अशा दुतर्फा बोलण्यातून नवे शब्द शिकतात, असंही दिसून आलं आहे. आणि बागेतल्या बाकांवर तीन-तीन भाषा ऐकणारी मुलं गोंधळतील, ही भीती मनातून काढून टाका. तान्ही मुलं लयीवरून भाषा वेगळ्या ओळखतात.

पुढे दोन-तीन वर्षांचं झालं की बाळ व्याकरणाला हात घालतं. ‘बसलं’, ‘पडलं’, तर मग ‘करलं’ का नाही? शेजारचा नातू सांगतो, “मी करलं.” ही चूक आहे? कुठल्या मोठ्या माणसानं त्याच्यासमोर ‘करलं’ म्हटलं होतं? कुणीच नाही. म्हणजे ही नक्कल नाही, नियम आहे, त्यानं स्वतः शोधून काढलेला. तोच नातू आईचं ऐकून ऐकून “मी जाते” म्हणायचा. मग एक दिवस आपोआप “मी जातो” झालं. ‘मी’ तोच, पण बोलणारा कोण त्यावर शेपूट बदलतं, हे त्याला कुणी समजावलं नव्हतं.

‘ळ’ मात्र सगळ्यांना उशिरा सापडतो. ती मागे वळणारी जीभ तयार व्हायला बराच काळ जातो. कान मात्र तोवर थांबत नाही. १९६० साली जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी एका मुलाची गोष्ट नोंदवली होती. तो आपल्या प्लास्टिकच्या माशाला ‘फिश’ऐवजी ‘फिस’ म्हणायचा. मोठ्यांनी विचारलं, “हा तुझा फिस का?” तर म्हणे, नाही, माझा फिस! “हा तुझा फिश का?” म्हटल्यावर तो खूश. हो, माझा फिस.

ही गोष्ट मी वाचली होती, पण ती स्वतःच्या घरात घडेपर्यंत तिच्यावर पुरता विश्वास बसला नव्हता. नात आता अडीच वर्षांची आहे. परवा बागेत दादीजींनी तिला विचारलं, तू कुठे राहतेस? तिनं ऐटीत सांगितलं, “मालुंगे.”

मी मुद्दाम म्हटलं, “मालुंग्याला राहतेस होय?”

तिनं कपाळाला आठ्या घातल्या. “नाही आजी. मालुंगे!”

“मालुंगे,” मी पुन्हा म्हटलं.

तिनं जोरजोरात मान हलवली. मला काहीच कसं कळत नाही, असा तो चेहरा.

“बरं, म्हाळुंगे,” मी म्हटलं.

“हो,” ती समाधानानं म्हणाली. “मालुंगे.” आणि घसरगुंडीकडे पळाली.