उंच झालेली जीप आणि आजीची कंबर

गेल्या नवरात्रात आजीला आमच्या जुन्या जीपमधून तुळजापूरला नेले. सोलापूरहून वाट जेमतेम ४५ किलोमीटरची. पण परतल्यावर ती आठ दिवस कंबर धरून बसली! शेतातल्या चिखलासाठी महिन्यापूर्वीच जीप उंच करून घेतली होती. मागच्या कमानींत एकेक जादा पाटा, लांब शॅकल. आणि तेव्हापासून मागची बाजू दगडासारखी ताठ.

महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपची सारी भिस्त कमानींवर. कमान दबली की तिची लांबी वाढते आणि शॅकल झुलून ती सामावून घेते. शॅकलच जखडले, तर कमान दबावी कशी?

गल्लीतल्या वृद्ध मिस्त्रींनी तीन गोष्टी पाहिल्या. शॅकलला झुलायला जागा आहे ना? शॉक ॲब्सॉर्बर वाढलेल्या उंचीला आखूड तर पडत नाहीत? आणि बुशांचे बोल्ट कधी आवळले?

चोर तिथेच सापडला. चाके अधांतरी असतानाच बोल्ट आवळले होते. गाडी जमिनीवर येताच रबरी बुश पिळले गेले. मिस्त्रींनी चाके टेकवून बोल्ट सैल केले, गाडी दाबून हलवली, मगच आवळले. जादा पाटेही काढले. उंची थोडी घटली खरी.

परवा अक्कलकोटला जाऊन आलो. उतरताना आजीने विचारले, “पंढरपूरला कधी न्यायचं रे?”