ट्रॅक्टर बागेच्या मापाचा हवा

पोळा झाला, पावसाचा जोर ओसरू लागला की वऱ्हाडातील संत्राबागांमध्ये दरवर्षी एकच चित्र दिसते. झाडांच्या ओळींमधून कंबरेएवढे गवत माजलेले असते. हरळी, लव्हाळा आणि कुंदा यांनी जमीन झाकून टाकलेली असते. बागेचा मालक अमरावतीत किंवा अकोल्यात नोकरी, वकिली वा व्यापार करीत असतो आणि वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर किंवा अकोटकडील वडिलोपार्जित चार-पाच एकरांवर रविवारपुरता जाऊन येतो. सालदार मिळत नाही, बैलजोडी केव्हाच विकली गेली आणि निंदणाला मजूर येतील याची शाश्वती नाही. अशा वेळी 'एक लहान ट्रॅक्टर घेऊन टाकू' हा विचार घरात हमखास निघतो. बागेत टुमदार घर बांधून त्याभोवती हिरवळ राखणाऱ्यांची संख्याही आता वाढली आहे. त्यांनाही हाच ट्रॅक्टर गवत कापण्यासाठी हवा असतो.

विचार चुकीचा नाही. चूक होते ती निवडीच्या क्रमात. आपण विक्रेत्याच्या दालनात जातो, अश्वशक्ती विचारतो, हप्ता विचारतो आणि ट्रॅक्टर घरी आणतो. त्यानंतर त्याला कोणते अवजार जोडायचे याचा विचार सुरू होतो आणि तो झाडांमधून फिरत नाही हे सर्वांत शेवटी लक्षात येते. वास्तविक हा क्रम नेमका उलटा असायला हवा. आधी काम ठरवावे, मग अवजार, आणि त्या अवजाराला पुरेल व बागेत मावेल असा ट्रॅक्टर शेवटी निवडावा.

गवत काढायचे की कापायचे?

पहिला प्रश्न ट्रॅक्टरचा नसून मशागतीचा आहे. गवत दिसले की रोटाव्हेटर फिरवायचा, अशी सवय अनेकांना जडली आहे. जमीन तासाभरात काळीभोर व स्वच्छ दिसते, मनाला समाधान वाटते. परंतु संत्र्याच्या झाडाला अन्नपाणी पुरविणारी बारीक तंतुमुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या फूटभर थरातच पसरलेली असतात. रोटाव्हेटरची पाती गवताबरोबर हीच मुळे तोडतात. ओल्या जमिनीत तुटलेल्या मुळांच्या जखमांमधून बुरशीला वाट मिळते आणि मूळकूज, डिंक्या यांसारख्या रोगांचा धोका वाढतो. बाग एका वर्षात वाळत नाही. ती हळूहळू खंगत जाते आणि त्यामुळे दोष कशाचा होता, हेही ध्यानात येत नाही.

गवत मुळासकट न काढता जमिनीपासून दोन-तीन इंचांवर कापले, तर मुळांना धक्का लागत नाही. कापलेले गवत झाडाच्या आळ्यात, परंतु बुंध्यापासून थोडे दूर अंथरले, तर ओलावा टिकतो आणि कालांतराने त्याचे खत होते. भूजलाच्या अतिउपशामुळे वरुड-मोर्शीचा परिसर वर्षानुवर्षे चिंतेचा विषय ठरला आहे. तेथे हा ओलावा फुकट घालविण्यासारखा नाही. आंबिया बहारासाठी ताण देताना हलकी वखरणी करण्याची जुनी रीत आहे आणि तेवढ्यापुरते उथळ चालणारे अवजार लागेलच. परंतु वर्षातील बाकीच्या काळात बागेला नांगरापेक्षा गवतकापणीच्या यंत्राची गरज अधिक असते. ही गोष्ट मनाशी पक्की झाली, की ट्रॅक्टरची निवड निम्म्याने सोपी होते.

फीत घेऊन बागेत जा

आपल्याकडे संत्र्याची लागवड बहुधा ६ बाय ६ मीटरवर असते. म्हणजे एकरी सुमारे ११० झाडे. कागदावर सहा मीटरची वाट मोठी प्रशस्त वाटते. मात्र पूर्ण वाढलेल्या झाडाचा घेर चार ते साडेचार मीटर झाला, की दोन ओळींमध्ये उघडी जागा उरते ती जेमतेम दीड ते दोन मीटर. शेतीसाठी सर्रास वापरला जाणारा ४० ते ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पावणेदोन मीटरच्या आसपास रुंद असतो. तो या वाटेने गेला तर फांद्या मोडतो आणि फळे झाडतो. लहान ट्रॅक्टरची रुंदी एक ते सव्वा मीटर भरते. म्हणून दालनात जाण्यापूर्वी मोजमापाची फीत घेऊन बागेत जावे आणि सर्वांत अरुंद वाटेची रुंदी लिहून आणावी.

रुंदीइतकीच उंचीही महत्त्वाची. फळांनी लवलेल्या फांद्या खाली येतात. त्यांच्याखालून जाताना उभा सायलेन्सर अडतो आणि त्याच्या उष्णतेने पाने करपतात. बागेसाठी खालच्या बाजूला धूर सोडणारा सायलेन्सर असलेला ट्रॅक्टर चांगला. ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचविणारी सुरक्षा कमान दुमडती असावी. ती फक्त झाडांखाली दुमडावी आणि मोकळ्या जागेत येताच पुन्हा उभी करावी. धुऱ्यालगत ट्रॅक्टर आणि त्यामागील अवजार यांना वळण घेता येईल अशी, साधारण चार मीटर जागा मोकळी हवी. ती नसेल, तर प्रत्येक ओळीच्या शेवटी मागेपुढे करण्यातच वेळ आणि डिझेल जाते.

कोणती अश्वशक्ती?

जाहिरातीत लिहिलेली अश्वशक्ती इंजिनाची असते. गवत कापणाऱ्या यंत्राला किंवा फवारणीच्या ब्लोअरला मिळते ती मागील फिरत्या दांड्याची, म्हणजे पीटीओची शक्ती. इंजिनाच्या शक्तीपैकी ढोबळमानाने ८० ते ८५ टक्केच तेथपर्यंत पोहोचते. त्यामुळे विक्रेत्याला 'पीटीओची अश्वशक्ती किती?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

दाट, जाड गवत कापणाऱ्या स्लॅशरसाठी पात्याच्या दर फूट रुंदीमागे चार ते पाच पीटीओ अश्वशक्ती असा ठोकताळा आहे. चार फुटी स्लॅशरला सोळा ते वीस पीटीओ अश्वशक्ती लागते, म्हणजेच इंजिन २० ते २४ अश्वशक्तीचे हवे. बाजारात महिंद्रा युवराज २१५ हा १५ अश्वशक्तीच्या गटातला, महिंद्रा जिवो २४५ आणि कुबोटा निओस्टार बी २४४१ हे २४ अश्वशक्तीच्या गटातले, तर जॉन डिअर ३०२८ ईएन हा २८ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आला. पंधराच्या गटातील यंत्र डवरणी व हलकी वाहतूक उत्तम करते, पण चार फुटी स्लॅशर त्याला जड जातो. २४ अश्वशक्तीचे चारही चाकांवर ओढणारे यंत्र नाशिकच्या द्राक्षबागांत ब्लोअरसह रुळले आहे आणि संत्राबागेलाही ते सोयीचे पडते. चार-पाच एकरांच्या बागेला त्याहून मोठ्या यंत्राची गरज सहसा पडत नाही.

काळ्या मातीचा हिशेब

वऱ्हाडची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. ओली असताना तिच्यावरून जड चाक गेले, की ती दाबली जाते आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, जेथे पाण्याचा निचरा मुळातच मंद आहे, तेथे हा धोका अधिक. मोठ्या ट्रॅक्टरचे वजन १,८०० किलोच्या पुढे असते. लहान ट्रॅक्टर सहाशे ते अकराशे किलोंचा असतो. या कामासाठी हलकेपणा हा दोष नसून गुण आहे. अर्थात यंत्र हलके असले तरी जमिनीला वाफसा आल्याशिवाय ते बागेत घालू नये. चारचाकी ओढ असल्याने चिखलातून निघता येते, म्हणून चिखलात शिरावे असे नव्हे.

घराभोवतीच्या हिरवळीवर हाच ट्रॅक्टर चालवायचा असेल, तर शेतीच्या टायरची खोल नक्षी तेथे खुणा उमटविते. हिरवळ फार मोठी नसेल, तर तिच्यासाठी ट्रॅक्टर मुळीच नको. वीस इंची पात्याचे हाताने ढकलायचे यंत्र दहा हजार चौरस फुटांची हिरवळ तासाभरात कापते. झाडांच्या बुंध्याभोवतीचे व कुंपणालगतचे गवत तर खांद्यावरच्या ब्रशकटरनेच निघते. ट्रॅक्टर घेतला तरी ही छोटी यंत्रे लागतातच.

घ्यावा की भाड्याने आणावा?

चार फुटी स्लॅशर ताशी चार किलोमीटर वेगाने चालविला, तर वळणांचा वेळ धरून तासाला पाऊण ते एक एकर काम होते. पाच एकरांना सुमारे सहा तास. वर्षातून सहा कापण्या धरल्या, तर ३६ तास. दहा फवारण्यांचे तीस तास आणि शेणखत, फळांची ने-आण व ताणाच्या वेळची मशागत यांचे आणखी ३५ तास धरले, तरी वर्षाची बेरीज शंभर तासांच्या आसपास येते.

आता खर्च पाहू. समजा, ट्रॅक्टर व अवजारे मिळून सात लाख रुपये लागले आणि दहा वर्षांनी दोन लाखांना ते विकले गेले. घसारा झाला वर्षाला पन्नास हजार. सरासरी साडेचार लाखांवर नऊ टक्के व्याज धरले तर सुमारे चाळीस हजार. विमा व दुरुस्तीचे वीस हजार. म्हणजे डिझेल आणि चालक सोडून वर्षाला १ लाख १० हजार. शंभर तासांवर वाटल्यास ताशी १,१०० रुपये पडतात. हाच ट्रॅक्टर तीनशे तास चालला, तर दुरुस्ती थोडी वाढूनही खर्च ताशी चारशेच्या घरात येतो. आपल्या गावातील भाड्याचा दर या आकड्यांशेजारी ठेवून पाहावा. एकट्याला परवडत नसेल, तर दोन-तीन बागायतदारांनी मिळून घेण्याचा मार्ग आहे. मात्र कोणी, कधी वापरायचा आणि दुरुस्ती कोणी करायची, हे आधीच लिहून ठेवलेले बरे. फवारणी सर्वांनाच एकाच आठवड्यात करायची असते, हे विसरू नये.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. दरपत्रक घेताना हा फरक तपासावा. शासकीय अनुदानाच्या योजनांची पात्रता व अटी वेगवेगळ्या असतात. त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करूनच पुढे जावे. पूर्वसंमतीपूर्वीच खरेदी केली, तर अनुदान हातचे जाण्याचा संभव असतो.

पैसे देण्यापूर्वी

मध्य प्रदेशातील बुधनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी व प्रशिक्षण संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात पीटीओची शक्ती, डिझेलचा खप, उचलण्याची क्षमता आणि वळणाची त्रिज्या यांचे मोजलेले आकडे असतात. रंगीत माहितीपत्रकापेक्षा हा अहवाल मागावा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शेती यंत्रे व शक्तीचा स्वतंत्र विभाग आहे. तेथील तज्ज्ञांचा सल्ला या भागातील मातीच्या दृष्टीने मोलाचा ठरतो.

ट्रॅक्टर स्लॅशरसह आपल्याच बागेत तासभर चालवून पाहण्याचा आग्रह धरावा. त्या तासाभरात सर्वांत अरुंद ओळ, धुऱ्यावरचे वळण आणि उतार या तिन्ही ठिकाणी तो नेऊन पाहावा. अवजार उचलल्यावर पुढची चाके हलकी होत असतील, तर पुढे वजने लावावी लागतील. सुटे भाग आणि कारागीर आपल्या तालुक्यात मिळतात का, हेही त्याच दिवशी विचारावे. फवारणीच्या ऐन हंगामात आठवडाभर उभा राहिलेला ट्रॅक्टर कितीही नामांकित असला तरी उपयोगाचा नाही.

जिवाची काळजी

लहान ट्रॅक्टर खेळण्यासारखा दिसतो, म्हणून तो खेळणे ठरत नाही. फिरत्या पीटीओ दांड्यावर झाकण असलेच पाहिजे. गळ्यातील दुपट्टा किंवा धोतराचा सोगा त्यात अडकला, तर सावरायला क्षणही मिळत नाही. स्लॅशर दगड-मुरूम गोळीसारखे फेकतो, त्यामुळे कापणीच्या वेळी मुलांना व मजुरांना दूर ठेवावे. ठिबकच्या नळ्या आधी उचलून झाडाच्या बाजूला कराव्यात. मडगार्डवर कोणाला बसवू नये. आपल्या शेतांतील अनेक विहिरींना आजही कठडा नाही आणि वाढलेल्या गवतात तिचा काठ दिसत नाही. बागेत ट्रॅक्टर येण्याआधी विहिरीला कठडा बांधून घ्यावा. ट्रॅक्टरच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

संत्र्याची बाग उभी व्हायला पाच-सहा वर्षे लागतात आणि नीट जपली तर ती पुढची दोन दशके फळे देते. ट्रॅक्टर मात्र पैसे मोजले की दुसऱ्या दिवशी दारात येतो. म्हणून ट्रॅक्टर झाडांच्या मापाने निवडावा, ट्रॅक्टरसाठी झाडे छाटण्याची वेळ येऊ देऊ नये. येत्या रविवारी बागेत जाल, तेव्हा सोबत एक फीत आणि एक वही अवश्य न्या.