काडतुसाचा जोर आणि हाताचा नेम

कळंबोली आज ओळखली जाते ती लोखंड-पोलादाच्या बाजारामुळें. तेथें माल वजनावर विकला जातो. जड तें महाग, हा हिशेब कोणालाही पटावा असाच आहे. काडतुसांविषयींही आमच्या तरुण मंडळींची समजूत कांहींशी अशीच दिसते. चित्रपट पाहून आलेला मुलगा ‘मॅग्नम’ हा शब्द ज्या आदरानें उच्चारतो, तो आदर त्याच्या आजोबांच्या वांट्यालाही क्वचितच येतो! तेव्हां ह्या मॅग्नमचें खरें मोल काय, तें एकदां पाहूं.

रिव्हॉल्व्हर हें बंदुकीच्या मानानें दुबळें हत्यार. नळी आंखूड, आणि फिरतें चक्र व नळी ह्यांमध्यें राहणाऱ्या बारीक फटींतून दारूचा थोडा वायु बाहेर निसटतो. तथापि जोर वाढविण्याची हौस माणसास असतेच. अमेरिकेंत १९३५ सालीं ०.३५७ मॅग्नम निघालें. जुन्या ०.३८ स्पेशलचेंच पितळी कवच सुमारें एक अष्टमांश इंच लांब केलेलें. अधिक दारू मावावी म्हणून ही लांबी वाढविली असें पुष्कळांस वाटतें, परंतु मुख्य हेतु निराळा होता. हें जहाल काडतूस जुन्या, नाजूक चक्रांत शिरूंच नये, एवढ्यासाठीं ती योजना. पुढें १९५५ च्या सुमारास ०.४४ मॅग्नम आलें.

आतां आंकडे पाहावे. नेमबाजींतील ०.२२ काडतुसाच्या गोळीची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास, ०.३५७ ची सुमारें ७००, आणि ०.४४ ची १३०० च्या आगेंमागें. हे आंकडे वाचून छाती दडपते खरी. पण शिकाऱ्यांची नेहमींची ०.३०-०६ रायफल ३५०० ज्यूलच्याही वर जाते. म्हणजे एवढें गाजलेलें ०.४४ मॅग्नम साध्या रायफलीच्या निम्म्यासही पोंचत नाहीं! अमेरिकेंत रिव्हॉल्व्हर घेऊन हरणाच्या मागें जाणाऱ्यास म्हणूनच सावजाच्या बरेंच जवळ जावें लागतें. दुरून डागलेली गोळी जनावरास मारीत नाहीं, जखमी करून तडफडत ठेवते.

आपल्याकडे तर हा प्रश्नच उरला नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस कडक आळा घातला, व १९९१ च्या दुरुस्तीनें हौसेच्या शिकारीचें दार बंद झालें. कळंबोलीपासून जवळच असलेलें कर्नाळ्याचें रान १९६८ पासून पक्ष्यांचें अभयारण्य आहे.

मग उरला कागदाचा निशाणा. आणि येथें बाजाराचा हिशेब उलटा होतो. जबर काडतुसाचा हिसका मनगटास एकदां बसला, कीं पुढच्या वेळीं चाप ओढण्यापूर्वींच हात दचकतो, आणि दचकलेला हात नेम चुकवितो. म्हणून स्त्रियांची २५ मीटर पिस्तुलाची स्पर्धा ०.२२ वरच होते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई स्पर्धेंत त्याच प्रकारांत सुवर्णपदक मिळविलें. मोठ्या काडतुसाच्या स्पर्धेंतही बहुतेक नेमबाज मॅग्नम सोडून सौम्य ०.३२ पसंत करतात. त्याची गोळी चपट्या तोंडाची असते, कारण तिनें कागदावर स्वच्छ गोल भोंक पडतें व गुण मोजतांना वाद राहत नाहीं.

याहून सौम्य म्हणजे दहा मीटरची एअर रायफल. तिच्या छर्‍याची ऊर्जा सात-आठ ज्यूल, आणि दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर! ह्याच प्रकारांत सुमा शिरूर यांनीं २००४ सालीं क्वालालंपूर येथें ४०० पैकीं ४०० गुण मिळविले. कळंबोलीशेजारीं पनवेलला त्यांनीं २००६ सालीं ‘लक्ष्य’ हा क्लब काढला. टोकियो येथील पॅरालिंपिकमध्यें २०२१ सालीं सुवर्णपदक मिळविणाऱ्या अवनी लेखरा त्यांच्याच शिष्या.

घराच्या रक्षणासाठीं रिव्हॉल्व्हर घ्यावें काय, असें कोणी विचारतात. परवान्यावर मिळतें तें बहुधा ०.३२ बोअरचें, म्हणजे जोराच्या दृष्टीनें ०.२२ च्या फार पुढें नाहीं. परंतु ज्या घरांत लहान मुलें आहेत, तेथें तें आणूं नये, असेंच आमचें स्पष्ट मत आहे. आणि आणलेंच तर हत्यार एका कुलपांत व काडतुसें दुसऱ्या कुलपांत असावीं. मुलामुलींस नेमबाजीची आवड असेल, तर त्यांस प्रथम एअर रायफलीवर बसवावें. पहिले कांहीं महिने क्लबचें हत्यार पुरतें. विकत घेण्याची घाई नको.