शुभेच्छा द्यायच्या, पण कोणत्या?

२०२५ साली ३० मार्चला गुढीपाडवा होता आणि लगेच दुसऱ्या दिवशी रमजान ईद. आमच्या बचत गटात सगळ्या जातीधर्माच्या बायका. मोबाइलवरच्या ग्रुपवर काय लिहायचं, यावर बैठकीत चर्चा रंगली. एकजण म्हणाली, ‘नुसतं सणासुदीच्या शुभेच्छा लिहा, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको.’ तेवढ्यात शेजारच्या भाभी हळूच म्हणाल्या, ‘दिवाळीला आपण दिवाळीच्याच शुभेच्छा लिहितो ना? मग ईदचंच नाव का नको?’ सगळ्याजणी गप्पच झालो.

खरं सांगू मैत्रिणींनो? इतकी वर्षं भाभींकडून शीरखुर्म्याचा डबा येतो. मी आवडीनं खाते, डब्यात साखर घालून परतही करते. पण ‘ईद मुबारक’ हे दोन शब्द काही तोंडातून निघायचे नाहीत. आपण म्हटलं तर कसं वाटेल, हा उगाचच संकोच! त्या मात्र संक्रांतीला तिळगूळ घेताना ‘गोड बोला’ न चुकता म्हणतात.

उलटी चूकही माझ्याच हातून झाली. एका ख्रिस्ती मैत्रिणीला मी उत्साहानं ‘हॅपी गुड फ्रायडे’ असा मेसेज पाठवला. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, ‘ताई, येशूला त्या दिवशी क्रूसावर चढवलं. तो आमचा दुःखाचा दिवस. शुभेच्छा रविवारी द्या, ईस्टरला.’ मी ओशाळले.

कॅलेंडरमधला प्रत्येक लाल आकडा आनंदाचा नसतो, हे तेव्हा कळलं. मोहरमच्या दहाव्या दिवशी इमाम हुसेन यांच्या हौतात्म्याची आठवण असते, तिथे ‘हॅपी’ शोभत नाही. जैन मैत्रीण पर्युषणानंतर ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणते, म्हणजे चुकलंमाकलं माफ करा. तिला आपणही तेच म्हणायचं. दसऱ्याला आपण सोनं वाटतो. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीलाच बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. बौद्ध मैत्रिणीसाठी तो धम्मचक्र प्रवर्तन दिन. आपण त्याच नावानं शुभेच्छा दिल्या, तर तिला किती बरं वाटेल!

दुकानाच्या पाटीवर, कार्यालयाच्या फलकावर ‘सर्वांना शुभेच्छा’ ठीक आहे. वाचणारा कोण, ते आपल्याला ठाऊक नसतं. पण रोज जिच्याशी वाटीभर साखरेची देवाणघेवाण चालते, तिचा सण नावानं घ्यायला काय हरकत? माहीत नसेल तर सरळ विचारावं. विचारलं म्हणून कुणी रागावत नाही. आणि यात आपला पाडवा कुठे कमी होत नाही.

शेवटी ग्रुपवर दोन्ही लिहिलं, ‘पाडव्याच्या शुभेच्छा’ आणि ‘ईद मुबारक’. पाडव्याच्या संध्याकाळी चंद्र दिसला. गुढी उतरवून झाली होती. वाटीत श्रीखंड घेतलं नि भाभींच्या दारात गेले. यंदा मात्र ते दोन शब्द आधी मीच म्हटले.